लॅपटॉपचा डीव्हीडी ड्राइव्ह चालत नाही? उघडायच्या आधी हे ह्याच क्रमाने करा

अमळनेरला ओळखीपाळखीतले लोक माझ्याकडे जुने लॅपटॉप घेऊन येतात आणि डीव्हीडी ड्राइव्हची तक्रार असली की बहुतेक जण आधीच बरंच काही करून आलेले असतात. कोणी लेन्सला सॅनिटायझर चोळलेलं असतं, कोणी विंडोज नवीन मारून घेतलेलं असतं, कोणी तर ड्राइव्हच उघडून आतली वायरची चपटी पट्टी तोडून आणतं. मग मी बघतो तर मूळ दोष भलताच, डिस्क नीट बसलेली नाही नाहीतर विंडोजमध्ये डीव्हीडी चालवणारा प्लेअरच नाही. आता त्या तुटलेल्या पट्टीचं काय करायचं?

म्हणून सगळं क्रमाने लिहितोय. सोप्या तपासण्या आधी, बिघडू शकणारी कामं शेवटी. मी सांगितलं नसेल तर मधला टप्पा सोडून पुढे जाऊ नका, जिथे दोष सापडेल तिथे थांबा.

## तयारी

तीन डिस्क जवळ ठेवा. एक कंपनीची छापील सीडी (ऑडिओ सीडी, नाहीतर घरात अहिराणी गाण्यांची जुनी व्हीसीडी सापडतेच, ती), एक ओरिजिनल सिनेमाची डीव्हीडी, आणि एक स्टुडिओत किंवा घरी राइट केलेली डीव्हीडी. छापील आणि राइट केलेली ओळखायची कशी तर खालची बाजू बघा, छापील चांदीसारखी चकचकीत असते आणि राइट केलेली जांभळट, निळसर नाहीतर हिरवट मारते. तिन्ही डिस्क दुसऱ्या एखाद्या कॉम्प्युटरवर नाहीतर टीव्हीखालच्या प्लेअरवर नक्की चालतायत हे आधी बघून घ्या, नाहीतर पुढची सगळी तपासणी वाया.

बाकी सामान म्हणजे एक जेम क्लिप, बारीक प्लस स्क्रू ड्रायव्हर, कॅमेरावाले वापरतात तो रबरी ब्लोअर, कापसाचे इअरबड, चष्म्याचं मऊ कापड आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल, मोबाइल रिपेअरिंगवाल्यांकडे मिळतं, ९९ टक्केवालं घ्या.

जागा पण बघा. आपल्याकडे दिवाळीनंतर कपाशीचा सीझन सुरू झाला की जिनिंगच्या आसपासच्या घरात टेबल सकाळी पुसलं तरी दुपारी त्यावर तंतू दिसतात, अशा जागी ड्राइव्ह बाहेर काढून ठेवू नका. आणि मे महिन्यात भुसावळ-जळगावचं ऊन डोक्यावर घेऊन गाडीच्या डिकीतून लॅपटॉप आणला असेल तर अर्धा तास घरात थंड होऊ द्या, मगच चालू करा.

सावधान: लग्नाची, बारशाची, गेलेल्या माणसाची एकुलती एक डीव्हीडी तपासायला वापरू नका. बिघडलेला ड्राइव्ह डिस्कवर गोल चरे पाडू शकतो.

## टप्पा १ : ट्रे उघडत नसेल तर

ट्रेचं बटण इलेक्ट्रिक असतं, म्हणजे लॅपटॉप बंद असताना ते दाबून काही होणार नाही, हे खूप जणांना माहीत नसतं. चार्जर लावा, लॅपटॉप चालू करा, मग दाबा. नाही उघडला तर फाइल एक्सप्लोररमध्ये ड्राइव्हवर राइट क्लिक करून इजेक्ट करा. तरी नाही तर एखादा प्रोग्राम डिस्क धरून बसला असेल, सगळं बंद करा, लॅपटॉप रिस्टार्ट करा आणि कंपनीचा लोगो दिसत असतानाच, विंडोज यायच्या आत बटण दाबा. तिथे उघडला म्हणजे ट्रे चांगला आहे, अडवणूक विंडोजमधून होती.

एवढ्यानेही नाही झालं तर ट्रेच्या तोंडावर एक बारीक भोक असतं ते शोधा. लॅपटॉप पूर्ण बंद करा, जेम क्लिप सरळ करा आणि भोकात अगदी सरळ आत घाला. आत स्प्रिंगसारखा विरोध लागेल, तिथे हळूच दाबलं की ट्रे बोटभर बाहेर येतो, पुढचा हाताने ओढायचा. टाचणी घालू नका, ती आखूड पडते आणि वाकते. स्क्रू ड्रायव्हरने ट्रेची कड उचकटणं तर अजिबात नको.

तपासा: ट्रे आत ढकलला की लगेच परत बाहेर येतो का? येत असेल तर आतला खटका झिजलाय किंवा काहीतरी मध्ये अडतंय. टॉर्च मारून बघा, एकदा मला तिथे लग्नपत्रिकेची सोनेरी टिकली सापडली होती, ती काढली आणि काम झालं.

## टप्पा २ : डिस्क बघा आणि साफ करा

डिस्क दिव्यासमोर तिरकी धरा. बोटांचे ठसे, तेलकट डाग, चरे बघा. मऊ कापडाने मधल्या भोकापासून बाहेरच्या कडेपर्यंत सरळ रेषेत पुसायची, चहाच्या बशीसारखी गोल गोल नाही. कारण डेटा गोल फिरत लिहिलेला असतो, गोल चरा एकाच जागचा लांब डेटा खातो, आडवा चरा थोडं थोडं खातो आणि तेवढं ड्राइव्ह भरून काढतो.

सीडीच्या वरच्या, लेबलच्या बाजूकडे पण लक्ष द्या. सीडीचा डेटाचा थर लेबलच्या लगेच खाली असतो, वर नुसता पातळ लेप. तिथे बॉलपेनने जोरात नाव लिहिलं किंवा चिकटवलेलं स्टिकर ओढून काढलं तर डेटाच निघून येतो, उजेडासमोर धरा, आरपार ठिपका दिसेल. असा ठिपका दिसला तर तिथला डेटा गेला, ड्राइव्हला दोष देऊ नका. डीव्हीडीत तो थर ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मध्ये असतो म्हणून ती वरून जरा टिकते.

## टप्पा ३ : डिस्क 'टक्' करून बसवा

सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात. घरच्या डीव्हीडी प्लेअरमध्ये डिस्क नुसती खाचेत ठेवायची असते, आत गेल्यावर मशीनच तिला वरून धरतं. लॅपटॉपच्या पातळ ड्राइव्हमध्ये वरून धरायला काही नसतं, मधल्या गोल गड्ड्यावर बारीक खटके असतात आणि त्यात डिस्क दाबून बसवावी लागते. एका हाताने ट्रेला खालून आधार द्या, दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी भोकाच्या दोन्ही बाजूंना दाबा. टक् असा आवाज आला पाहिजे. मग डिस्क हाताने फिरवून बघा, ट्रेला कुठेही न घासता सरळ फिरली पाहिजे.

पारोळ्याच्या एक काकू मुलाच्या लग्नाची डीव्हीडी आणि लॅपटॉप घेऊन आल्या होत्या. एका दुकानात त्यांना ड्राइव्ह गेलाय, १,८०० रुपये लागतील असं सांगितलं होतं. मी ट्रे उघडला, डिस्क नुसती टेकवलेली, एका बाजूने उचललेली, कडेला घासून पांढरी रेघ पडलेली. पुसली, दाबून बसवली, टक् झालं, आणि दहा-पंधरा सेकंदात हळदीच्या गाण्याचा आवाज आला. काकू म्हणाल्या, "इतलंच व्हतं का रे भाऊ?" हो, एवढंच होतं. ड्राइव्ह बदलला असता तरी डिस्क तशीच टेकवून ठेवली असती तर नवा पण चालला नसता.

सावधान: हँडीकॅमच्या ८ सेंटिमीटरच्या छोट्या डिस्क ट्रेवाल्या ड्राइव्हमध्ये चालतात, पण ज्या लॅपटॉपला ट्रे नाही, नुसती फट आहे त्यात कधीही घालू नका, आत अडकून बसते.

## टप्पा ४ : बायोसमध्ये ड्राइव्ह दिसतो का

इथून रस्ता दोन बाजूंना फुटतो, म्हणून हा टप्पा नीट करा. विंडोज यायच्या आधी लॅपटॉप स्वतः ड्राइव्ह ओळखतो का, हे बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप चालू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या त्याच्या आतल्या प्रोग्राममध्ये, बघायचं. डेल, एसर, आसुसला बहुतेक एफ २, एचपीला एफ १०, लेनोवोला एफ १ किंवा एफ २, चालू करताकरता ते बटण टकटक दाबत राहा.

विंडोज ८ पासून पुढे नुसतं शटडाऊन केलं की लॅपटॉप बऱ्याचदा पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतो. म्हणून शिफ्टचं बटण दाबून धरून शटडाऊन करा किंवा सरळ रिस्टार्ट करा, मग बायोसमध्ये जा.

आत गेलात की इन्फर्मेशन, स्टोरेज किंवा बूट ह्यापैकी कुठेतरी ड्राइव्हचं नाव, मॉडेल नंबर दिसतो. फक्त बघा, सेटिंग काही बदलू नका, आणि सेव्ह न करता बाहेर या.

ड्राइव्ह बायोसमध्ये दिसत असेल आणि विंडोजमध्ये नसेल तर टप्पा ५. दोन्हीकडे दिसतो पण डिस्क चालत नाही, तर टप्पा ६ वर जा. आणि बायोसमध्येच दिसत नसेल तर विंडोज नवीन मारून काडीचा उपयोग नाही, थेट टप्पा ९. ह्या एका तपासणीने विंडोज मारायचे किती जणांचे पैसे वाचले असते हे आठवलं की वाईट वाटतं.

## टप्पा ५ : विंडोजमधला दोष

स्टार्टवर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा, 'डीव्हीडी/सीडी-रॉम ड्राइव्हज' बघा. पिवळी खूण असेल तर ड्राइव्हच्या नावावर राइट क्लिक, अनइन्स्टॉल डिव्हाइस, आणि रिस्टार्ट. विंडोज स्वतःच परत ड्रायव्हर टाकतं. डीव्हीडी ड्राइव्हचा ड्रायव्हर विंडोजच्या आतच असतो, त्यासाठी नेटवरून 'ड्रायव्हर अपडेटर' नावाची सॉफ्टवेअरं घेऊ नका, ती दुसराच त्रास आणतात.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये ठीक आहे पण 'धिस पीसी'मध्ये दिसत नाही, तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन त्याला अक्षर दिलंय का बघा. पेन ड्राइव्ह, कार्ड रीडर लावून लावून अक्षरांचा गोंधळ होतो कधीकधी.

आणि कोड १९, ३९ किंवा ४१ अशी एरर येत असेल तर बहुतेक वेळा एखादं जुनं रायटिंग सॉफ्टवेअर काढताना रेजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजची आतली सेटिंगं साठवलेली असतात तिथे, घाण सोडून गेलेलं असतं. रेजिस्ट्री एडिटरमध्ये एचकी लोकल मशीन, सिस्टम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल, क्लास इथपर्यंत जा. तिथे कंसातले लांबलचक नंबर दिसतील, त्यातला फोर-डी-थ्री-सिक्स-ई-नाइन-सिक्स-फाइव असा सुरू होणारा उघडा. उजवीकडे डिफॉल्टसमोर डीव्हीडी/सीडी-रॉम लिहिलेलं दिसतंय ना, हे वाचून खात्री करा. मग त्यातले 'अपरफिल्टर्स' आणि 'लोअरफिल्टर्स' हे दोन असतील तेवढे डिलीट करा आणि रिस्टार्ट. रायटिंगचं एखादं सॉफ्टवेअर नंतर रुसलं तर ते परत टाकावं लागेल.

सावधान: डिलीट करायच्या आधी त्या फोल्डरवर राइट क्लिक करून एक्सपोर्ट करून ठेवा. जवळच शेवटी सिक्स-सेव्हन असलेला नंबर आहे, तो हार्ड डिस्कचा. घाईत त्यातलं काही उडवलं तर विंडोज चालूच होणार नाही. मी हे काम करताना नंबर मोठ्याने वाचतो, तुम्हीही वाचा.

## टप्पा ६ : डिस्क दिसते पण सिनेमा चालत नाही

फाइल एक्सप्लोररमध्ये डीव्हीडीचं नाव दिसतं, आत व्हिडिओ टीएस फोल्डर दिसतो, पण डबल क्लिक केलं की काही होत नाही. हा ड्राइव्हचा दोष नाहीच. विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टने डीव्हीडी सिनेमा चालवायची सोय साध्या विंडोजमधून काढून टाकली. व्हीएलसी टाका, फुकट आहे, त्यात मीडिया मेन्यूतून ओपन डिस्क करा. जुन्या व्हीसीडीच्या डॅट फाइल पण त्यात चालतात.

परदेशातून कोणी डीव्हीडी पाठवली असेल तर रीजन बघा, म्हणजे ती कुठल्या देशांसाठी काढलीय तो नंबर. भारताचा रीजन ५, अमेरिकेचा १. ड्राइव्हचा रीजन फक्त ५ वेळा बदलता येतो, नंतर शेवटचा कायमचा राहतो, म्हणून गंमत म्हणून बदलत बसू नका.

हँडीकॅमची डिस्क रिकामी दिसत असेल तर ती 'फायनलाइज' केलेली नसणार, म्हणजे दुसऱ्या मशीनवर चालावी म्हणून शेवटी डिस्क बंद करतात ते राहिलेलं असणार. ज्या कॅमेऱ्याने शूटिंग केलं त्याच कॅमेऱ्यात घालून फायनलाइज करावी लागते. विंडोज "फॉरमॅट करू का" विचारेल, तिथे हो म्हणू नका!

## टप्पा ७ : तीन डिस्कची परीक्षा

आता त्या बाजूला ठेवलेल्या तीन डिस्क एकेक करून घाला आणि प्रत्येकीला निदान एक मिनिट द्या. कान लावून ऐका.

सीडी चालते आणि डीव्हीडी नाही, किंवा उलटं, असं होऊ शकतं आणि त्यात नवल नाही. सीडीला ७८० नॅनोमीटरचा लेझर लागतो, डीव्हीडीला ६५० चा, दोघांचे लेझर वेगळे पण बाहेर पडताना लेन्स एकच. म्हणून एकच प्रकार बंद पडला असेल तर त्या लेझरचा जोर गेलेला असण्याची शक्यता जास्त, तरी एकदा साफसफाई करून बघायची. दोन्ही प्रकार अडखळत असतील तर लेन्सवर धूळ असण्याची शक्यता जास्त. छापील चालतात पण राइट केलेल्या नाहीत, तर तेही धूळ किंवा थकलेला लेझर, कारण राइट केलेली डिस्क उजेड कमी परत पाठवते.

डिस्क फिरायला लागते, थांबते, परत फिरते, असं दोन-तीन वेळा करून गप्प बसते तेव्हा लेन्सला डिस्क नीट दिसत नाहीये. अजिबातच फिरत नसेल तर बहुतेक मोटर किंवा आतली वायरची पट्टी. टक टक टक असा एकसारखा आवाज असेल तर लेन्सची गाडी कुठेतरी आपटतेय, लगेच बंद करा.

वाचतो पण राइट करताना डिस्क खराब होतात, तर वेग ४ एक्सवर आणा आणि कोऱ्या डिस्कची कंपनी बदलून बघा. लिहायला लेझरला जास्त जोर लागतो, म्हणून थकलेल्या ड्राइव्हचं लिहिणं आधी जातं, वाचणं नंतर.

## टप्पा ८ : लेन्स साफ करणं

लॅपटॉपच्या ड्राइव्हची एक चांगली गोष्ट म्हणजे लेन्स ट्रेवरच असते, ड्राइव्ह उघडावा लागत नाही.

१. बटणाने ट्रे बाहेर काढा, मग लॅपटॉप बंद करा (जेम क्लिप वापरायची तर आधी बंद करा), चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा. लेझर डोळ्याला घातक असतो, चालू मशीनमध्ये लेन्सवर वाकून बघायचं नाही.

२. ब्लोअरने चार-पाच वेळा हवा मारा. तोंडाने फुंकर नको, थुंकीचे बारीक कण बसतात आणि वाळल्यावर डाग पडतो.

३. ट्रे परत लावून एकदा तपासून घ्या. बऱ्याचदा इथेच काम होतं, पुढे जायची गरज नाही.

४. नाही झालं तर परत बंद करा. इअरबडच्या टोकाला अल्कोहोलचा एक थेंब, जास्तीचं कापडाला टिपून घ्या, ओघळ येता कामा नये. लेन्स दिसायला मसूरच्या दाण्याएवढी, निळसर झाक असलेली, आणि ती केसासारख्या बारीक तारांवर तरंगत असते. बोट लावलं तर खालीवर होते, ते बरोबर आहे, पण दाबलं तर तार वाकते आणि लेन्स कायमची तिरकी होते. बाळाच्या डोळ्यातलं काजळ पुसतो तेवढाच हात ठेवा. दोन-तीन हलके वळसे, मग कोरडा बड.

५. पाच मिनिटं वाळू द्या, मग तपासा.

सावधान: नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात अ‍ॅसिटोन असतं आणि लेन्स प्लास्टिकची आहे, एका फटक्यात धुरकट होते. सॅनिटायझर नको, त्यातल्या ग्लिसरीनचा थर बसतो. अत्तर, रॉकेल, पेट्रोल काहीच नको. आणि व्हिडिओत दाखवतात तसा लेझरजवळचा बारीक स्क्रू फिरवून जोर वाढवायचा प्रयत्न करू नका, चार दिवस चालतो आणि मग कायमचा जातो.

## टप्पा ९ : ड्राइव्ह काढून परत बसवणं

चार्जर, बॅटरी काढा, पॉवर बटण १५-२० सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेला करंट निघून जातो. लॅपटॉप उलटा करा. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ड्राइव्ह एकाच स्क्रूवर असतो, त्याच्याजवळ डिस्कचं चित्र असतं. तो काढला की ड्राइव्ह कडेने सरळ बाहेर सरकतो. सरकत नसेल तर ओढाताण नको, अजून एखादा स्क्रू राहिला असेल. बॅटरी आत असलेल्या मॉडेलला मागचं कव्हर उघडून आधी बॅटरीची पिन काढावी लागते, सवय नसेल तर हे काम जाणकाराकडून करून घ्या.

कनेक्टर बघा, धूळ, काळपटपणा, वाकलेली पिन. ब्लोअर मारा, ड्राइव्ह परत घट्ट बसवा, स्क्रू लावा, आणि लगेच टप्पा ४ करा. आता बायोसमध्ये दिसला तर जोड ढिला होता. नसेल दिसत तर ड्राइव्ह किंवा लॅपटॉपच्या बाजूचा सॉकेट गेला. ओळखीत तसाच लॅपटॉप असेल तर ड्राइव्ह त्यात लावून बघा, म्हणजे दोघांतलं कोण गेलंय ते कळतं.

## टप्पा १० : बदलायचाच असेल तर

आतला ड्राइव्ह घेताना जुना हातात घेऊनच दुकानात जा, जळगावला गोलाणी मार्केटमध्ये फिरलात तरी. जाडी बघा, १२.७ मिलिमीटर आणि ९.५ मिलिमीटर अशा दोन जाड्या जास्त मिळतात, एकाच्या जागी दुसरा बसत नाही. कनेक्टर बघा, जुन्या लॅपटॉपचा आयडीई, नंतरच्यांचा साटा. आणि पुढची प्लास्टिकची पट्टी जुन्याची काढून नव्याला लावायची असते, ती फेकू नका.

माझं मत विचाराल तर वर्षातून चार वेळाच डिस्क लागत असेल तर यूएसबीचा बाहेरचा ड्राइव्ह घ्या, उद्या लॅपटॉप बदलला तरी चालतो. फक्त तो थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावायचा, हबला नाही. यूएसबी २ चं पोर्ट ५०० मिलिअँपिअरच देतं आणि डिस्क फिरायला लागताना जास्त लागतं, म्हणून ड्राइव्ह दिसतो, घुर्रर्र करतो आणि गायब होतो. दोन तोंडांची वायर आली असेल तर दोन्ही तोंडं लावा.

## डिस्क वाचली की लगेच कॉपी

ड्राइव्ह चालू झाला की आधी कॉपी, मग बघणं. डीव्हीडीचा पूर्ण व्हिडिओ टीएस फोल्डर हार्ड डिस्कवर घ्या, एकेक फाइल निवडू नका. ऑडिओ सीडीतल्या सीडीए फाइल कॉपी करून उपयोग नाही, त्या काही बाइटच्या असतात, त्यात गाणं नसतंच, नुसता पत्ता असतो. ती सीडी विंडोज मीडिया प्लेअरमध्ये रिप करावी लागते, म्हणजे गाण्यांच्या फाइल बनवून घ्याव्या लागतात.

मध्येच एरर आली तर डिस्क काढून, पुसून परत एकदा, नाही जमलं तर दुसऱ्या एखाद्या ड्राइव्हवर. एका ड्राइव्हला न दिसणारी डिस्क दुसरा वाचतो, हे मी कितीदा पाहिलंय. कॉपी पूर्ण झाली की हार्ड डिस्कवरून ती सुरुवातीला, मध्ये आणि अगदी शेवटी चालवून बघा, शेवट खास बघा, कारण डेटा आतून बाहेर लिहिला जातो आणि भरलेल्या डिस्कचा शेवट येतो बाहेरच्या कडेला, जिथे सगळ्यांची बोटं लागलेली असतात.